एकसारखे दोन संगणक, दोन किमती : दरपत्रकात न मावलेला इतिहास

(थ्रेड)

१/
दोन संगणक शेजारी शेजारी ठेवले आहेत. प्रोसेसर तोच, रॅम तितकीच, हार्डडिस्क तितकीच, पडदाही त्याच मापाचा. तरीही एकाची किंमत दुसऱ्याच्या दीडपट. महागडा विकणारा लबाड म्हणावा की स्वस्त विकणारा? हा प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याला इतिहास आहे. तो वॉशिंग्टन, दिल्ली आणि मुंबईतून फिरत थेट सांगली-कोल्हापूरच्या सीमेवरील वारणा खोऱ्यात येऊन पोचतो. आजचा थ्रेड त्याच प्रवासाचा.

२/
सांगलीकरांना हा प्रश्न नवा नाही. हळदीच्या बाजारात राजापुरी हळदीची दोन पोती डोळ्यांना सारखी दिसतात. वजनही सारखे भरते. पण व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, वाळवण नीट झाली आहे का ते तपासतो, आणि मगच भाव बोलतो. भाव आणि मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पेठेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र हा धडा आपल्याला नव्याने शिकावा लागला.

३/
सुरुवातीच्या काळात तुलना करायची सोयच नव्हती, कारण दोन संगणक कधी सारखे नसत. १९६० च्या दशकात भारतात आयबीएमच्या १४०१ या यंत्रांचा दबदबा होता. हे यंत्र अमेरिकेत १९५९ मध्ये जाहीर झाले. तिकडे वापरून जुनी झालेली यंत्रे इकडे आणून, दुरुस्त करून भाड्याने दिली जात. ग्राहक यंत्राचा मालक नसेच. त्यामुळे ‘या यंत्राची किंमत किती?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते. ‘दरमहा भाडे किती?’ एवढेच विचारता येई.

४/
भाडे ठरवताना यंत्राचे वय विचारात घेतले जाते का, हा प्रश्न पुढे संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला. कालबाह्य यंत्रांवर भरघोस भाडे मिळवले जात असल्याची टीका १९७० च्या दशकात उघडपणे झाली. आपल्याकडील संगणकाच्या ‘किंमत विरुद्ध मोल’ वादाचा हा पहिला मोठा अंक मानायला हरकत नाही. पैसे नव्याचे, वस्तू जुनी, आणि तुलनेला दुसरे काहीच नाही, अशी ग्राहकाची स्थिती होती.

५/
१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, परदेशी भांडवलाचा हिस्सा ४० टक्क्यांवर आणण्याची अट घातली. आयबीएमने ती मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये भारतातील कारभार आवरला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सरकारी सीएमसीकडे आली. हैदराबादची ईसीआयएल आधीपासून संगणक बनवत होतीच. १९७६ मध्ये स्थापन झालेली एचसीएल आणि नंतर विप्रो यांसारख्या देशी कंपन्यांना आता मोकळे मैदान मिळाले.

६/
मैदान मोकळे असले तरी माल मोकळेपणाने मिळत नव्हता. आयात शुल्क जबर होते आणि परवाना मिळवणे हे स्वतंत्र काम होते. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसला एक संगणक आयात करण्यासाठी दिल्लीच्या किती खेटा माराव्या लागल्या, हे नारायण मूर्ती यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. या खेटांचा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. पण वाट पाहण्यात गेलेली वर्षे हाही यंत्राच्या किमतीचाच भाग असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने हा पहिला अदृश्य खर्च टिपून ठेवावा.

७/
याच सुमारास अमेरिकेत एक घटना घडली आणि तुलनेचा पाया पडला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. किंमत १,५६५ डॉलर. आकडा आकर्षक होता, पण त्यात अवघी १६ केबी मेमरी होती. फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता आणि पडदाही नव्हता. ६४ केबी मेमरी, एक ड्राइव्ह आणि पडदा घेतला की हीच किंमत ३,००५ डॉलरवर जाई. त्या वेळच्या दराने सुमारे २६ हजार रुपये, तेही आयात शुल्क न धरता.

८/
इथे एक जुनी व्यापारी क्लृप्ती पहिल्यांदा संगणकाच्या बाजारात शिरलेली दिसते. जाहिरातीतला आकडा उघड्यावाघड्या यंत्राचा असतो; काम करणाऱ्या यंत्राचा आकडा जवळपास दुप्पट असतो. म्हणूनच तुलना करताना ‘सारख्याच सामग्रीने सज्ज असलेले दोन संगणक’ ही अट घालावी लागली. त्या काळच्या परीक्षणांतून आणि जाहिरातींतून ही अट रुळत गेली. आपण आज सहजपणे दोन यंत्रांचे तपशील समोरासमोर मांडतो, ती पद्धत या गरजेतून आली आहे.

९/
पण सारखे दुसरे यंत्र आले कुठून? आयबीएमने घाईत हा संगणक बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून जुळवला होता. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. यंत्राची तांत्रिक माहितीही छापून उपलब्ध होती. आयबीएमची खास मालकी होती ती बायॉस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमवर. त्याची नक्कल न करता तेच काम करणारा वेगळा प्रोग्रॅम लिहिला की आयबीएमसारखे यंत्र तयार. कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्सने हे १९८२ मध्ये केले.

१०/
त्याच वर्षी कॉम्पॅकने आपले उचलून नेता येणारे यंत्र २,९९५ डॉलरला जाहीर केले. १२८ केबी मेमरी, एक ड्राइव्ह, आत बसवलेला पडदा, आणि आयबीएमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर चालत. १९८३ मध्ये, म्हणजे विक्रीच्या पहिल्याच वर्षी, कॉम्पॅकने सुमारे ५३ हजार यंत्रे विकली. ‘तेच काम, त्याच प्रोग्रॅमवर, पण वेगळ्या कंपनीकडून’ हे आता शक्य झाले. संगणकाच्या इतिहासात किमतीची खरी तुलना या क्षणी जन्माला आली.

११/
भारतात ही लाट आली ती नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणामुळे. परवान्यांची जाचकता कमी झाली, सुट्या भागांची आयात सोपी झाली. सुटे भाग आणायचे आणि इथे जुळणी करायची, हा धंदा उभा राहिला. दशकाच्या मध्यावर मद्रासच्या स्टर्लिंग कॉम्प्युटर्सने ‘शिवा पीसी’ ३३ हजार रुपयांना बाजारात आणला, तेव्हा नामांकित कंपन्यांची तशीच यंत्रे याच्या दुपटीहून अधिक किमतीला विकली जात होती. सामग्री तुल्य असताना किंमत निम्म्याहून कमी! साहजिकच सगळ्या बाजाराला आपले भाव पुन्हा तपासावे लागले.

१२/
मग महागडी यंत्रे घेणारे मूर्ख होते का? नाही. त्यांना यंत्राबरोबर आणखी काही मिळत होते : बिघाड झाला तर धावून येणारा तंत्रज्ञ, सुटे भाग मिळण्याची शाश्वती, कंपनी उद्याही असेल हा भरवसा. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि त्याहून लहान गावांत या गोष्टींचे मोल महानगरांपेक्षा जास्त होते. मुंबईत बंद पडलेले यंत्र दुपारी सुरू होई. तालुक्याच्या गावी तेच यंत्र आठवडाभर झाकून ठेवावे लागे. म्हणजे अंतर हा दुसरा अदृश्य खर्च.

१३/
मोल ठरते ते कोणासाठी, हाही प्रश्न याच काळात ऐरणीवर आला. बँकांमधील यांत्रिकीकरणाबाबत १९८३ मध्ये कर्मचारी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. व्यवस्थापनाला खतावणीची नोंद जलद करणारे यंत्र हवे होते. कारकुनाला त्याच यंत्रात आपल्या मुलाची हुकलेली नोकरी दिसत होती. एकच यंत्र, एकच किंमत, पण टेबलाच्या दोन बाजूंना दोन परस्परविरोधी मोले. ही भीती हास्यास्पद ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्या काळच्या बेरोजगारीच्या पार्श्वभूमीवर ती समजून घेणे अधिक न्यायाचे.

१४/
आता लिपीकडे वळू. आयबीएमसारखा संगणक इंग्रजी जाणत होता. मराठी त्याला येत नव्हती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकने विकसित केले. संगणकात एक वेगळे कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये प्रमाण ठरले. पुढे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’ने लग्नपत्रिका, हँडबिले आणि दिवाळी अंक यांचे टंकन बदलून टाकले.

१५/
याचा हिशोबातला अर्थ असा की, इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्या कचेरीला जो संगणक पूर्ण होता, तोच ग्रामपंचायतीला किंवा मराठी छापखान्याला अपुरा होता. तितकीच रॅम आणि तितकीच हार्डडिस्क असूनही मराठी माणसाला त्याच यंत्रासाठी वर आणखी खर्च करावा लागे. युनिकोड रुळल्यावर आणि कार्यप्रणालींत देवनागरी आपसूक आल्यावर हा खर्च हळूहळू नाहीसा झाला. तोपर्यंत मात्र आपली भाषा ही दरपत्रकातली एक जादा ओळ होती.

१६/
दरपत्रक म्हटले की सरकारी आणि शाळा-कॉलेजांची खरेदी आठवते. तीन दुकानदारांकडून दरपत्रके मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि सर्वांत कमी दर मान्य करायचा, ही रीत. हेतू चांगला होता. कोणाची मर्जी चालू नये. पण तक्त्यात जेवढे रकाने, तेवढेच मोल. प्रोसेसरला रकाना होता, रॅमला होता. ‘दुरुस्तीला किती दिवस लागतील’ याला बहुधा नसे. सामग्री सारखी आहे हे तक्त्याने गृहीत धरले की उरलेला सगळा फरक दिसेनासा होई.

१७/
१९९१ नंतर चित्र झपाट्याने बदलले. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने आयात शुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला. ही कपात होती, यावरून आधीचे दर काय असतील याची कल्पना यावी. १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत आयबीएम परतली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. किमतीतला सरकारचा वाटा घटत गेला. उरला तो कंपनी आणि दुकानदार यांचा.

१८/
हा ‘ब्रँडेड’ की ‘असेंबल्ड’ या घराघरांतल्या वादाचा काळ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गावातला तरुण तंत्रज्ञ यंत्र जुळवून देई. किंमत कंपनीच्या यंत्रापेक्षा बरीच कमी. फरक कुठून येई? जाहिरातीचा खर्च नाही, मधली साखळी नाही. पण बऱ्याचदा त्यात कार्यप्रणालीचा परवानाही नसे. सीडीवरून उतरवलेली चोरटी प्रत असे. म्हणजे हार्डवेअर सारखे, पण एका बिलात सॉफ्टवेअरचे पैसे धरलेले आणि दुसऱ्यात गाळलेले. ही तुलना मुळातच विषम होती.

१९/
तपशिलाची अक्षरेही फसवत. १९९८ च्या एप्रिलमध्ये इंटेलने २६६ मेगाहर्ट्झचा सेलेरॉन आणला. पेंटियम-२ सुद्धा २६६ मेगाहर्ट्झचा होता. दरपत्रकात दोन्हींपुढे तोच आकडा. पण पेंटियम-२ ला ५१२ केबीची दुय्यम कॅश मेमरी होती आणि त्या पहिल्या सेलेरॉनला ती मुळीच नव्हती. अनेक कामांत तो स्पष्टपणे मागे पडे. काही महिन्यांतच आलेल्या ‘३००ए’ या सेलेरॉनमध्ये १२८ केबी कॅश थेट चिपवर आली आणि तो अनेक कामांत महागड्या भावाच्या बरोबरीने धावू लागला. एकाच नावाचा एक प्रोसेसर स्वस्तातही महाग, दुसरा खरोखर स्वस्त!

२०/
संगणकाचे मोल किती वेगाने वितळते, याची कबुली आयकर खात्यानेच देऊन ठेवली आहे. अनेक वर्षे संगणकावरील घसाऱ्याचा दर ६० टक्के होता; २०१७-१८ पासून तो ४० टक्के झाला. जुन्या दराने ५० हजारांचा संगणक वर्षाअखेरीस वहीत २० हजारांचा, दोन वर्षांनी ८ हजारांचा आणि तीन वर्षांनी ३,२०० रुपयांचा उरे. नांगर, रहाट, मोटार यांपैकी कशाचेच मोल इतक्या घाईने उतरत नाही. म्हणून संगणकाबाबत ‘किती वर्षे वापरणार?’ हा प्रश्न ‘किती रुपयांना?’ इतकाच महत्त्वाचा.

२१/
हे ओळखून वागणाऱ्या संस्थाही होत्या. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यांपर्यंत पोचला. संगणक वर्गातले यंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत बॅचमागून बॅच चाले. घरी दिवसातून तासभर चालणारे यंत्र आणि वर्गात दहा तास चालणारे तेच यंत्र : किंमत एकच, पण वापराच्या प्रत्येक तासाचा खर्च दहापटीने वेगळा. ज्या घरांना संगणक परवडत नव्हता, त्यांच्या मुलांना माउस पहिल्यांदा हाती मिळाला तो या विभागणीमुळे.

२२/
आता वारणेकडे. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराचे जाळे उभे केले होते. १९९८ मध्ये दोन्ही जिल्ह्यांतील ७० गावांसाठी ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. अंमलबजावणी एनआयसीकडे, खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकारने उचलला, उरलेला वारणेच्या संस्थांनी. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, शासकीय दाखले, सारे काही या केंद्रांतून मिळेल असे स्वप्न होते. देशभरातून लोक पाहायला येत.

२३/
काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू येथील संशोधकांनी या केंद्रांचा बारकाईने अभ्यास केला. या यंत्रांवर प्रत्यक्षात काय चालते? मुख्यतः उसाचा हिशोब. लागणीची नोंद, तोडणीची परवानगी, उसाचे वजन, खताची उधारी. कामे महत्त्वाची होती, शेतकऱ्याचा जीव त्यांत अडकलेला होता. पण प्रत्येक व्यवहारात जाणारी-येणारी माहिती चार-दोन आकड्यांची होती. आणि त्या चार आकड्यांसाठी प्रत्येक केंद्रात एक संपूर्ण संगणक, त्याची देखभाल आणि विजेचा लपंडाव सांभाळणे आले.

२४/
मग त्यांनी ‘वारणा अनवायर्ड’ हा प्रयोग केला. सात गावांत, आठ महिने. केंद्रातल्या संगणकाची जागा साध्या मोबाइल फोनने घेतली. ठरावीक स्वरूपात एसएमएस पाठवायचा; मध्यवर्ती ठिकाणी संगणकाला जोडलेला फोन तो स्वीकारणार आणि उत्तर धाडणार. संगणकाची सर्व प्रत्यक्ष कामे फोनने पार पाडली. खर्च कमी आला, सोय वाढली, आणि शेतकऱ्यांनीही जुन्या व्यवस्थेपेक्षा हीच पसंत केली. हे निष्कर्ष २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि विकासासाठीच्या तंत्रज्ञानाच्या अभ्यासात ते आजही उद्धृत होतात.

२५/
याच सुमारास, २००५ मध्ये, एचसीएलने ९,९९० रुपयांचा संगणक बाजारात आणला होता. त्यावर लिनक्स होते. ‘दहा हजारांच्या आत संगणक’ हे मोठे स्वप्न साकारल्याची चर्चा होती. वारणेच्या प्रयोगाशी ही घटना ताडून पाहा. एकीकडे प्रश्न होता : संगणक आणखी स्वस्त कसा करता येईल? दुसरीकडे प्रश्न झाला : या कामाला संगणकच लागतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही चांगले मिळाले, तरी दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय शेतकऱ्याचा पैसा वाचणार नव्हता.

२६/
पण यावरून ‘वारणेचे संगणक वाया गेले’ असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. फोनची व्यवस्था उभी राहिली ती मध्यवर्ती संगणकाच्या आधारावर. उसाच्या नोंदी आधीच्या काळात संगणकावर आल्या नसत्या, तर एसएमएसला उत्तर देणार कोण? शिवाय १९९८ मध्ये खेड्यात मोबाइल होते कुठे? त्या वर्षीच्या निवडीला आठ-नऊ वर्षांनंतरच्या ज्ञानाने दोष देणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा. दोष द्यायचाच तर तो कामाची यादी करण्याआधी यंत्रांची यादी करण्याच्या सवयीला द्यावा.

२७/
थोडक्यात, गेल्या साठ वर्षांत यंत्राच्या किमतीत दडलेल्या गोष्टी बदलत गेल्या. आधी मक्तेदारीचे भाडे, मग परवाना आणि शुल्क, मग दुरुस्तीचे अंतर, लिपीचे कार्ड, सॉफ्टवेअरचा परवाना, विजेची बेभरवशाची सोबत. सामग्री सारखी असताना किमतीत जो फरक उरतो, तो बहुतेक वेळा यांपैकी कशाची तरी किंमत असतो. म्हणून दोन सारख्या यंत्रांच्या किमतींतील फरक हा त्या काळाच्या समाजाचा आरसा आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२८/
जुन्या खरेदीचा अभ्यास करताना चार प्रश्न हाताशी ठेवावेत. एक, या किमतीत काय धरले आहे आणि काय गाळले आहे? दोन, यंत्र किती वर्षे आणि दिवसाचे किती तास चालले? तीन, बंद पडले तेव्हा ते पुन्हा सुरू कोणी केले? चार, ज्या कामासाठी घेतले ते काम खरोखर त्यावर झाले का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर दरपत्रकात कधीच सापडत नाही. ते माणसांना विचारावे लागते.

२९/
आणि एक विनंती. १९८० आणि ९० च्या दशकांतील संगणकांची बिले, दरपत्रके, तुलनात्मक तक्ते, वॉरंटी कार्डे अजून कित्येक शाळा, पतसंस्था, छापखाने आणि घरे यांच्या कपाटांत आहेत. सांगली-साताऱ्याकडे महापुराचे पाणी शिरले की सर्वांत आधी असेच कागद जातात. राजांच्या सनदा जपायला आपण शिकलो. या साध्या पावत्याही जपायला हव्यात. उद्याचा अभ्यासक ‘गावात संगणक आला तेव्हा काय घडले’ हे याच कागदांवरून लिहील.

३०/
तुमच्या घरी, शाळेत किंवा दुकानात पहिला संगणक कोणत्या वर्षी आला, केवढ्याला पडला आणि त्यावर मुख्यतः कोणते काम झाले, हे खाली अवश्य लिहा. जुने बिल सापडले तर नाव-पत्ता झाकून त्याचे छायाचित्र टाका. थ्रेड उपयुक्त वाटला तर इतिहासाची आवड असलेल्या मित्रांपर्यंत पोचवा.

(समाप्त)